लहान गावात अडकलेली माणसे: कमी खर्चातला पहिला झॉम्बीपट कसा करावा

पहिला चित्रपट झॉम्बींवर, म्हणजे उठून चालणाऱ्या प्रेतांवर, करावा असे अनेक नवोदित दिग्दर्शकांना वाटते आणि ते योग्यच आहे, कारण या प्रकारातला राक्षस म्हणजे शेवटी मळके कपडे घातलेला माणूसच असतो. त्यासाठी भव्य नेपथ्य लागत नाही आणि नामवंत कलाकारांचीही गरज पडत नाही. जॉर्ज रोमेरो यांनी १९६८ साली आलेला ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ हा चित्रपट अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया राज्यात, इव्हान्स सिटी या छोट्या गावाच्या परिसरात, सुमारे १,१४,००० डॉलरमध्ये पूर्ण केला. चित्रीकरणाचे घर पुढे पाडलेच जाणार होते म्हणून त्याची हवी तशी मोडतोड करता आली, आणि चित्रपट कृष्णधवल होता म्हणून रक्ताच्या जागी चॉकलेटचा पाक चालून गेला. पण तो चित्रपट आजही पाहिला जातो तो या काटकसरीमुळे नाही. दारा-खिडक्यांना फळ्या ठोकून बसलेली माणसे तळघरात जायचे की वरच थांबायचे यावर हमरीतुमरीवर येतात, आणि ते भांडण प्रेक्षकाला बाहेरच्या प्रेतांइतकेच अस्वस्थ करते. थोड्या पैशांत झॉम्बींची संख्या फारशी वाढवता येत नाही. गावाचा सापळा आणि आतल्या माणसांमधला ताण मात्र हवा तेवढा वाढवता येतो. खालची प्रत्येक पायरी हे गृहीत धरूनच मांडली आहे.

पहिली पायरी: गाव कशामुळे बंद झाले ते ठरवावे

पटकथेची पहिली ओळ लिहिण्याआधी ‘ही माणसे निघून का जात नाहीत?’ या प्रश्नाचे उत्तर कागदावर उतरवावे. प्रेक्षक हा प्रश्न पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत विचारतोच, आणि त्याला उत्तर मिळाले नाही तर पुढची सगळी भीती त्याला लेखकाची सोय वाटू लागते. उत्तराचे दोन भाग असावेत. एक भाग भौगोलिक: गावाबाहेर नेणारा एकच रस्ता, वाहून गेलेला पूल, खचलेली दरड, किंवा बाहेरून लावलेली नाकेबंदी. दुसरा भाग माणसाचा: कोणाची आई अंथरुणाला खिळलेली आहे, कोणी जखमी आहे, कोणाचे मूल अजून सापडलेले नाही. नुसता पूल तुटला तर चालत शेतांतून जाता येईल असे प्रेक्षकाला वाटत राहते. अंथरुणाला खिळलेल्या आईला घेऊन मात्र शेतांतून जाता येत नाही. दोन्ही कारणे एकमेकांत गुंतली की सापळा पक्का होतो.

भौगोलिक कारण निवडताना ते पडद्यावर किती स्वस्तात दाखवता येईल याचा विचार आधीच करावा. लष्कराची नाकेबंदी लिहायला एक ओळ पुरते, पण दाखवायला गणवेश, वाहने आणि माणसे लागतात. तीच नाकेबंदी रेडिओवर वारंवार लागणारी एक सूचना, रस्त्यावर आडवे टाकलेले दोन अडथळे आणि अंधारातून डोळ्यांवर येणारा एक प्रखर झोत एवढ्यावर उभी राहू शकते.

त्यानंतर गावाचा नकाशा काढावा. प्रत्यक्ष चित्रीकरण तीन वेगवेगळ्या वस्त्यांमध्ये झाले तरी पडद्यावरचे गाव एकच असले पाहिजे. नकाशात पाच-सहा जागांपेक्षा जास्त काही नसावे: बाहेर जाणारा रस्ता, पाण्याची जागा, औषधांची जागा, उंचावरची एखादी जागा, आणि माणसे लपून बसतात ती इमारत. चित्रपटाच्या सुरुवातीला, काहीही बिघडण्याआधी, एखादे पात्र सायकलवरून या सगळ्या जागांवरून जाताना दाखवावे. त्यात खर्च काहीच नाही, आणि पुढे कोणी “टाकीपर्यंत पोहोचायचे आहे” असे म्हणाले की वाटेत काय काय लागेल हे प्रेक्षकाला न सांगता कळते. नवख्यांच्या चित्रपटांत ही गोष्ट मला सर्वांत जास्त वेळा गहाळ झालेली दिसते, आणि तिची भरपाई कितीही रक्त सांडून होत नाही.

दुसरी पायरी: झॉम्बींचे नियम

चार प्रश्नांची उत्तरे लिहून काढावीत आणि ती शेवटपर्यंत पाळावीत: ते किती वेगाने चालतात, कशाकडे ओढले जातात, चावल्यानंतर माणूस किती वेळाने बदलतो, आणि ते कशाने थांबतात.

पहिल्या चित्रपटासाठी झॉम्बी संथ असावेत असे माझे स्पष्ट मत आहे. धावणाऱ्यांसाठी साहसदृश्ये करणारे प्रशिक्षित लोक लागतात, पडण्या-झडण्याचा धोका वाढतो आणि प्रत्येक टेकला कलाकार दमतात. शिवाय संथ झॉम्बींमुळे माणसांना बोलायला, भांडायला आणि चुकीचा निर्णय घ्यायला वेळ मिळतो. ते आवाजाकडे ओढले जातात असा नियम ठेवला तर शांतता हेच सर्वांत स्वस्त आणि परिणामकारक साधन होते. हातातून निसटलेल्या डब्याने जो दचका बसतो तो कोणत्याही स्पेशल इफेक्टपेक्षा कमी नसतो. चावल्यानंतर बदलायला काही तास लागावेत. क्षणात माणूस बदलला तर त्याच्याशी निरोपाचे बोलता येत नाही, आणि तो जखम लपवूही शकत नाही. बाहीखाली लपवलेली जखम पटकथेचा संपूर्ण उत्तरार्ध पेलू शकते.

तिसरी पायरी: पटकथा जवळच्या साधनांवरून लिहावी

आधी कथा सुचवून मग तिच्यासाठी जागा शोधत फिरण्यापेक्षा, कोणत्या जागा, वस्तू आणि माणसे खात्रीने मिळणार आहेत त्यांची यादी करून तिच्यातून कथा काढावी. एखादी बंद पडलेली शाळा सुट्टीत मिळणार असेल तर कथा शाळेत घडावी. पटकथेचे एक पान म्हणजे पडद्यावरचे साधारण एक मिनिट हा ढोबळ हिशेब धरून ७५ ते ८५ पानांवर थांबावे. बोलकी पात्रे पाच-सहा, आतल्या जागा दोन-तीन, आणि बाहेरचे प्रसंग शक्य तितके दिवसाचे असावेत. रात्रीचे बाह्यचित्रीकरण हे प्रकाशयोजना, वीज आणि थकवा या तिन्ही बाबतींत सर्वांत महाग पडते.

जे दाखवणे परवडत नाही ते ऐकवावे. २००८ सालचा कॅनडातील ‘पाँटिपूल’ हा चित्रपट जवळजवळ संपूर्णपणे एका लहान गावातल्या रेडिओ केंद्रात घडतो. बाहेर जमाव काय करतो आहे हे बातमीदाराच्या फोनवरून कळते, आणि प्रेक्षक ते सगळे स्वतःच्या डोक्यात पाहतो. या युक्तीला एक अट आहे: ऐकणाऱ्याचा चेहरा उत्तम अभिनेत्याचा असला पाहिजे.

भांडण नेहमी एखाद्या ठोस वस्तूवरून असावे. समजा शाळेत सहा जण आहेत आणि छतावरच्या टाकीत थोडेच पाणी उरले आहे. किल्ल्या शाळेच्या शिपायाकडे आहेत, आणि त्याने कोणालाही न विचारता वाटपाचा नियम ठरवून टाकला आहे. गावातली परिचारिका म्हणते की जखमी मुलाची जखम धुवायला जास्त पाणी हवे. शिपाई दुष्ट नाही. त्याने टाकीला काठी लावून खूण केली आहे आणि रोज ती खूण खाली जाताना पाहिली आहे. मग एका सकाळी ती ओली खूण अपेक्षेपेक्षा चार बोटे खाली सापडते. कोणी प्यायले, की टाकी गळते आहे? या प्रसंगाला एक काठी, एक टाकी आणि दोन चांगले अभिनेते लागतात; झॉम्बी एकही लागत नाही. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतील तरच असा प्रसंग टिकतो, म्हणून सरळसोट खलनायक लिहिण्याचा मोह टाळावा.

चौथी पायरी: पैशांची वाटणी

नवखा दिग्दर्शक बहुतेक पैसे कॅमेऱ्यावर घालतो आणि तिथेच हिशेब बिघडतो. २००२ सालचा ‘ट्वेंटी एट डेज लेटर’ हा व्यावसायिक निर्मितीचा चित्रपट असूनही त्याचा बहुतांश भाग कॅनन एक्सएल-१ या मिनी-डीव्ही, म्हणजे छोट्या डिजिटल टेपवर टिपणाऱ्या, कॅमेऱ्यावर टिपला गेला. लंडनचे रस्ते भल्या पहाटे फक्त काही मिनिटांसाठी रिकामे मिळत असल्याने, चटकन लावता येणारे असे अनेक लहान कॅमेरे तिथे उपयोगी पडले. आजचा कोणताही बऱ्यापैकी कॅमेरा त्याहून स्पष्ट चित्र देतो. म्हणून आधी ध्वनिमुद्रणाची व्यवस्था, मग सर्वांचे वेळेवर जेवण आणि प्रवास, मग रंगभूषा, आणि उरलेल्यातून कॅमेरा व लेन्स असा क्रम ठेवावा. एकूण रकमेचा किमान दहावा हिस्सा अडीअडचणीसाठी बाजूला काढावा आणि त्याला चित्रीकरण सुरू होईपर्यंत हात लावू नये.

पाचवी पायरी: परवानग्या आणि सुरक्षितता

प्रत्येक जागेच्या मालकाची परवानगी लेखी घ्यावी, आणि तीत तारखा, वेळा आणि जागा पूर्ववत करून देण्याची जबाबदारी स्पष्ट लिहावी. रस्त्यावर चित्रीकरण असेल तर स्थानिक प्रशासनाची परवानगी घ्यावी, पोलिसांना आणि आसपासच्या रहिवाशांना आधी कळवावे. रक्ताने माखलेली, हातात कुऱ्हाड घेतलेली माणसे पहाटे खिडकीतून दिसली तर कोणीही घाबरून मदत मागवेल, आणि धावून येणाऱ्यांना हे नाटक आहे हे ठाऊक नसते.

खरी बंदूक चित्रीकरणाच्या जागी कोणत्याही कारणासाठी आणू नये. २०२१ मध्ये ‘रस्ट’ या चित्रपटातल्या एका दृश्याच्या तयारीत खऱ्या बंदुकीतून सुटलेल्या गोळीने छायालेखिका हलिना हचिन्स यांचा मृत्यू झाला. तिथे तर व्यावसायिक मंडळी काम करत होती. रबराची किंवा गोळी झाडूच न शकणारी प्रतिकृती वापरावी आणि नळीतून निघणारा भडका संकलनात जोडावा. कुऱ्हाडी, सळया यांचीही फोमची प्रत करून घ्यावी. झॉम्बींच्या जमावातल्या लोकांना डोळ्यांत रंगीत लेन्स घालायला लावू नयेत. नेत्रतज्ज्ञांच्या देखरेखीशिवाय ते धोक्याचे आहे, आणि लांबून ते दिसतही नाही. रात्रीच्या कामानंतर पुन्हा बोलावण्याआधी प्रत्येकाला किमान दहा-अकरा तास मिळावेत, कारण दमलेल्या माणसाने घरी जाताना चालवलेली गाडी हा छोट्या चित्रपटांचा दुर्लक्षित धोका आहे.

सहावी पायरी: रंगभूषा

झॉम्बींचे तीन गट करावेत. कॅमेऱ्याच्या अगदी जवळ येणारे दोन-तीन जण पूर्ण रंगभूषेचे. मधल्या अंतरावरच्यांना करडी त्वचा, डोळ्यांखाली काळसर खळगे आणि थोडे रक्त. मागे हलणाऱ्या आकृत्यांना केवळ धूळ, फाटके कपडे आणि योग्य चाल. वेळ आणि पैसा पहिल्या गटावरच घालावा.

हातावरची उघडी जखम घरच्या घरी अशी करता येते. रबराचा द्रव, म्हणजे लिक्विड लेटेक्स, अनेकांना सोसत नाही. म्हणून आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला एक थेंब लावून त्वचा लाल होते का ते पाहावे. हातावर केस असतील तर तिथे व्हॅसलीनचा हात फिरवावा, नाहीतर काढताना केसही निघून येतात. मग लेटेक्सचा पातळ थर द्यावा, त्यावर टिश्यू पेपरचा एकच पदर फाटक्या कडांनी चिकटवावा, पुन्हा लेटेक्स, पुन्हा कागद. कात्रीने कापलेली सरळ कड कॅमेऱ्यात लगेच ओळखू येते, म्हणून कागद हातानेच फाडावा. असे तीन-चार थर वाळले की मधोमध चिमट्याने उचलून फाडावे; कडा उलगडून उभ्या राहतात. आतल्या खळग्यात काळपट लाल, कडांना जांभळट छटा, भोवती त्वचेचा रंग मिसळून घ्यावा आणि रक्त सर्वांत शेवटी, बारीक ब्रशने सोडावे. ताजी जखम ओली चमकली पाहिजे आणि दोन दिवसांची जखम कोरडी, तपकिरी दिसली पाहिजे. हा फरक पाळणारे फार थोडे असतात.

रक्तासाठी कॉर्न सिरपमध्ये खाण्याचा लाल रंग, निळ्याचे अगदी दोन-चार थेंब आणि पारदर्शकपणा कमी करण्यासाठी चिमूटभर कोको पावडर मिसळावी. कपड्यांवर टाकायच्या रक्तात भांड्यांचा साबण घातला तर ते धुवायला सोपे जाते, पण तोंडात घ्यायचे रक्त साबणाशिवाय वेगळ्या बाटलीत ठेवून बाटलीवर मोठ्या अक्षरांत तसे लिहावे. हे सगळे प्रत्यक्ष कॅमेऱ्यासमोर, त्याच प्रकाशात तपासून घ्यावे. १९७८ सालच्या ‘डॉन ऑफ द डेड’मध्ये झॉम्बींना लावलेला करडा रंग फिल्मवर बऱ्याच ठिकाणी निळा दिसतो, आणि तिथे रंगभूषाकार टॉम सॅव्हिनी यांच्यासारखा कसलेला माणूस होता.

सातवी पायरी: पंधरा माणसांचा जमाव

जमाव वाढवण्याचा पहिला उपाय लेन्सचा आहे. लांब फोकल लांबीच्या लेन्सने दूरवरून टिपले की मागची-पुढची माणसे एकमेकांना चिकटल्यासारखी दिसतात आणि पंधरा जणांनी रस्ता भरून जातो. कॅमेऱ्याच्या अगदी जवळून एखादा खांदा, एखादे डोके आडवे जाऊ द्यावे. प्रेक्षक बाकीचे स्वतः भरून घेतो.

एखाद्याच शॉटमध्ये खरोखर मोठा जमाव दाखवायचा असेल तर चौकटीचे भाग पाडून टिपावे. कॅमेरा ट्रायपॉडवर पक्का बसवावा. फोकस, एक्स्पोजर (कॅमेऱ्यात येणारा प्रकाश) आणि व्हाइट बॅलन्स (प्रकाशाच्या रंगाची जुळवणी) हाताने ठरवून कायम करावेत, आणि त्यानंतर कोणीही ट्रायपॉडला स्पर्श करू नये. आधी रिकाम्या रस्त्याचा एक शॉट घ्यावा. मग चौकटीचे डावा, मधला आणि उजवा असे तीन भाग मानून जमिनीवर खडूने रेषा आखाव्यात, आणि सर्व पंधरा जणांना आधी फक्त डाव्या भागात, मग कपडे आणि जागा बदलून मधल्या आणि उजव्या भागात चालवावे. माणूसच काय, त्याची सावलीदेखील रेषा ओलांडू नये. जोड विजेच्या खांबावर किंवा भिंतीच्या कडेवर येईल अशी चौकट निवडावी. हलणाऱ्या झाडावर जोड आला तर तो उघडा पडतो. ढगाळ दिवस असेल तर उत्तम, नाहीतर तिन्ही शॉट सूर्य सरकण्याआधी झटपट उरकावेत. संकलनात तिन्ही एकत्र केले की पंचेचाळीस जण दिसतात. असा एक शॉट चित्रपटात योग्य जागी आला तर पुढे पाच जण दिसले तरी बाकीचे बाहेर आहेत असे प्रेक्षक धरून चालतो.

रात्र दाखवायचीच असेल तर तिचा काही भाग दिवसा टिपता येतो. सूर्य कलाकारांच्या पाठीमागे ठेवावा, आकाश चौकटीबाहेर काढावे, एक्स्पोजर सुमारे दोन स्टॉप कमी करावे (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा) आणि व्हाइट बॅलन्स ३२०० केल्विनच्या आसपास ठेवून चित्राला निळसर झाक द्यावी. जवळचे शॉट त्यात छान निघतात; विस्तृत दृश्ये मात्र उघडी पडतात.

आठवी पायरी: प्रत्यक्ष चित्रीकरण

दिवसाला चार ते पाच पानांपेक्षा जास्त काम आखू नये, आणि रंगभूषेचे दिवस असतील तर त्याहूनही कमी. दृश्ये कथेच्या क्रमाने नव्हे तर जागेनुसार टिपली जातात, म्हणून कोणाच्या अंगावर कोणत्या दिवशी कुठे रक्त आहे याची नोंद ठेवणारी एक व्यक्ती स्वतंत्र असावी, आणि तिने प्रत्येक दृश्याच्या आधी व नंतर प्रत्येक कलाकाराचे पुढून-मागून छायाचित्र काढावे. मुख्य पात्रांचे कपडे तीन संचांत घ्यावेत: स्वच्छ, मळलेले आणि रक्ताचे. एका जागेतली स्वच्छ दृश्ये आधी संपवावीत, कारण भिंतीवर उडालेले रक्त दुपारच्या जेवणापर्यंत निघत नाही.

आवाजाबाबत एक सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी. प्रत्येक जागेतली रिकामी शांतता, सर्वांना निश्चल उभे करून, किमान अर्धा मिनिट मुद्रित करावी. ओसाड गावाचा भास देणारी सामग्री हीच असते. वाहनांचा दूरचा आवाज प्रत्येक संवादाखाली राहिला तर रिकामे रस्ते दाखवून काही उपयोग होत नाही. झॉम्बींचे गुरगुरणे आणि हाडे मोडणे जागेवर टिपण्याची गरज नाही. सेलरी या कुरकुरीत भाजीचे ताजे देठ मायक्रोफोनजवळ मोडले की हाड मोडते, आणि ओले फडके पिळले की मांस फाटते. हे काम नंतर एखाद्या बंद खोलीत निवांतपणे करावे.

नववी पायरी: संकलन आणि कागदपत्रे

चित्रपटाचे पहिले कच्चे संकलन तयार झाले की ते कथा माहीत नसलेल्या चार-पाच जणांना दाखवावे आणि ‘आवडला का’ असे न विचारता त्यांना गावाचा नकाशा काढायला सांगावा. ज्या जागी त्यांचे नकाशे जुळत नाहीत तिथे एखादा शॉट कमी आहे. झॉम्बी दिसण्याचा प्रत्येक क्षण थोडा लवकर कापून पाहावा. स्वस्त रंगभूषा दोन सेकंदांत भीतिदायक आणि पाच सेकंदांत खोटी वाटते.

संगीताचे हक्क, कलाकारांची संमतिपत्रे, जागांच्या परवानग्या आणि लेखकाशी झालेला करार एका जागी जपून ठेवावा. कागदपत्रांतल्या चुकीची किंमत रोमेरो यांच्या चित्रपटाने मोजली. वितरकाने शीर्षक बदलले तेव्हा नव्या शीर्षकपाटीवर स्वामित्वहक्काची सूचना राहून गेली, आणि तेव्हाच्या अमेरिकी कायद्यानुसार चित्रपट सार्वजनिक मालकीचा झाला. पुढे तो कोणीही दाखवत आणि विकत राहिले, आणि करणाऱ्यांच्या हाती त्यातले फार थोडे आले. याउलट शिनइचिरो उएदा यांचा ‘वन कट ऑफ द डेड’ हा सुमारे ३० लाख येनमध्ये झालेला जपानी चित्रपट, ज्याची सुरुवात ३७ मिनिटांच्या एकाच सलग शॉटने होते, २०१८ च्या जूनमध्ये टोकियोतील दोन चित्रपटगृहांत लागला आणि तोंडी प्रसिद्धीच्या बळावर त्याने ३ अब्ज येनपेक्षा जास्त गल्ला जमवला.

महोत्सवांना किंवा वितरकांना चित्रपट पाठवण्याआधी संवादांची वेळेसह यादी, उपशीर्षके, आणि संवाद वगळून संगीत व ध्वनींचा वेगळा ट्रॅक तयार ठेवावा, कारण दुसऱ्या भाषेत डबिंग करायचे झाल्यास तोच मागितला जातो. चांगल्या दर्जाची स्थिर छायाचित्रेही मागितली जातात. ती चित्रीकरणाच्या दिवसांतच, कलाकार पूर्ण रंगभूषेत असताना आणि जागा ताब्यात असताना काढून घ्यावीत. व्हिडिओतून उचललेली चौकट बहुधा अस्पष्ट निघते, आणि पोस्टरसाठी तेच सगळे पुन्हा उभे करायला पैसे उरलेले नसतात.